वाचनालयासाठी फीड रीडर: कोणता घ्यावा, कसा लावावा

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करून घेतो. अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात तुम्ही ग्रंथपाल. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची वीस-पंचवीस मुलं बसतात. त्यांच्यासाठी तुम्ही रोज सकाळी चाळीसेक संकेतस्थळं एकेक करून उघडता, नवं काय आलं ते वहीत टिपता आणि फळ्यावर लिहिता. दीड तास त्यात जातो. कुणीतरी आरएसएस फीड रीडर, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांवरचं नवं एका जागी आणून दाखवणारा प्रोग्राम, वापरा म्हणालं, तुम्ही फोनवर फीडर नावाचा एक उतरवला. दिवाळीत आठ दिवस माहेरी जाऊन आलात आणि बघता तर वर्तमानपत्रांच्या मधल्या बातम्या गायब, आणि जे उरलंय ते नऊशे न वाचलेलं. आता विचारता, रीडर चुकीचा निवडला का, कोणता घेऊ, आणि लावू कसा?

रीडर चुकीचा नव्हता. फीड कशी चालते हे कुणी सांगितलं नाही, एवढंच झालं.

बाजार समितीच्या दारातला भावाचा फळा डोळ्यांपुढे आणा. आजचा भाव लिहायचा तर जुना पुसावा लागतो. फीडचं तसंच. संकेतस्थळाने ठेवलेली ती एक साधी फाइल असते आणि तिच्यात शेवटच्या काही नोंदी असतात: शीर्षक, दुवा, तारीख, थोडा किंवा पूर्ण मजकूर. वर नवी नोंद चढली की तळाची गळते. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीवरच्या संकेतस्थळाच्या फीडमध्ये, मालकाने मुद्दाम बदललं नसेल तर, १० नोंदी असतात. यूट्यूब चॅनेलच्या फीडमध्ये १५. महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्याच्या फीडला त्या दहा नोंदी पाच महिने पुरतात. दिवसाला शंभर बातम्या टाकणाऱ्या वर्तमानपत्राच्या दहा नोंदी अडीच तासांत वाहून जातात. दिवाळीत तुमचा फोन त्या फळ्याकडे गेलाच नाही, आणि तुम्ही परत येईपर्यंत तो सत्तर-ऐंशी वेळा पुसून झाला होता.

म्हणून माझ्याकडे कुणी रीडर विचारायला आलं की दिसतो कसा, रंग कोणते, ते मी नंतर बोलतो. आधी विचारतो, फळा बघायला जाणार कोण? तुमचं स्वतःचं यंत्र, की तुमच्या वतीने तिथे कायम बसलेला मुनीम?

स्वतःचं यंत्र जाणारे रीडर म्हणजे ॲन्ड्रॉइडवर फीडर, विंडोजवर आरएसएस गार्ड किंवा थंडरबर्ड, ॲपलच्या यंत्रांवर नेटन्यूजवायर. थंडरबर्डला लोक फक्त मेलचा प्रोग्राम समजतात, पण त्यात फीडचं खातं उघडता येतं आणि बातम्या मेलसारख्याच दिसतात. मेलची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना मी तोच देतो. हे सगळे फुकट आहेत, मुक्त स्रोताचे, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता येतो असे आहेत, खातं उघडायला लागत नाही, तुम्ही काय वाचता ते तिसऱ्याला कळत नाही. यंत्र बंद, की फीड आणणं बंद. आणि ॲन्ड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागचं काम परस्पर झोपवतो, हे वेगळंच.

मुनीम ठेवणारे म्हणजे फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर, द ओल्ड रीडर. त्यांचे सर्व्हर, म्हणजे कायम चालू असलेले संगणक, दिवसरात्र फीड आणून साठवतात, तुम्ही संगणकावरून बघा नाहीतर फोनवरून, वाचलेलं दोन्हीकडे वाचलेलंच दिसतं. बदल्यात खातं उघडावं लागतं, फुकट खात्याला मर्यादा असतात, आणि उद्या कंपनीने दुकान आवरलं तर तुमचा मुनीमही गेला.

तिसरा मार्ग, मुनीम स्वतःच्या घरचा. फ्रेशआरएसएस किंवा मिनीफ्लक्स आपल्या सर्व्हरवर बसवायचा. फ्रेशआरएसएस पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला, साध्या भाड्याच्या होस्टिंगवर किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही मावतो. मिनीफ्लक्स दिसायला त्याहून कोरा आणि चपळ, पण त्याला पोस्टग्रेसचा डेटाबेस लागतो. मी स्वतः फ्रेशआरएसएस वापरतो आणि तरीही तुम्हाला तो सुचवत नाही. कारण सांगतो. पहिल्यांदा मी तो जळगावला घरच्याच एका जुन्या संगणकावर बसवला होता. मे महिना, दिवसातून चार वेळा लाइट जायची, यूपीएसची बॅटरी मेलेली. एका दुपारी डेटाबेसची फाइलच बिघडली. तीन वर्षांत जपून ठेवलेले लेख गेले, कारण बॅकअप "येत्या रविवारी" घेणार होतो. सर्व्हर स्वतःचा म्हणजे गाय स्वतःची. दूध चांगलं, पण रोज चारा कोण घालणार? तुमच्या अभ्यासिकेत एखादा पोरगा हौसेने बसवून देईल, आणि सहा महिन्यांनी पुण्याला निघून जाईल.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत: वाचनालयाच्या नावाने एक मेल खातं, त्यावर इनोरीडरचं फुकट खातं. चाळीस फीडना ते पुरून उरतं. जाहिराती दिसतील, त्या सोसा. फीडली घेतलात तरी बिघडत नाही. दोन्हींत मी इनोरीडर उचलतो ते केवळ यादी एकाखाली एक दाटीने दिसते म्हणून, चित्रांचा पसारा मला नको असतो. फोनवरचा फीडर काढू नका. बसमध्ये किंवा रेंज नसलेल्या जागी वाचायला त्याचा उपयोग आहे. त्यात पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायची सोय आहे, निघण्याआधी वाय-फायवर एकदा ताजं करून घ्यायचं.

कंपनीने दुकान आवरलं तर, असं वर म्हणालो, ते उगाच नाही. गूगल रीडर ऑक्टोबर २००५ मध्ये आला, लोकांची सकाळ त्याने सुरू व्हायची, आणि मार्च २०१३ मध्ये जाहीर करून १ जुलै २०१३ ला तो बंद झाला. त्या वेळी ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रीडरवर होते. ही यादी म्हणजे ओपीएमएल नावाची फाइल. तुमच्या सगळ्या फीडचे पत्ते आणि कप्पे तिच्यात असतात, आकार काही केबी, आणि जवळजवळ प्रत्येक रीडर ती देतो नि घेतो. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' कुठे आहे ते खातं उघडल्या दिवशीच शोधून ठेवा. ज्या रीडरमध्ये ते सापडत नाही तो घेऊ नका. महिन्यातून एकदा फाइल काढून स्वतःलाच मेल करायची. गंमत म्हणजे, बंद पडलेल्या गूगल रीडरशी फोनची ॲप ज्या पद्धतीने बोलायची ती पद्धत अजून जिवंत आहे. फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स, इनोरीडर सगळे ती समजतात. म्हणजे उद्या मुनीम बदलला तरी फोनवरचं ॲप तेच ठेवता येण्याची शक्यता बरीच.

आता लावायचं कसं. फीडचा पत्ता शोधण्यात लोक उगाच अडकतात. रीडरच्या 'नवी फीड' खिडकीत संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा पत्ता चिकटवा. बहुतेक पानांच्या पोटात फीडचा पत्ता यंत्रांसाठी लिहिलेला असतो, रीडर तो स्वतः हुडकतो. नाहीच सापडला तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' जोडून बघा, वर्डप्रेसची अर्धी दुनिया तिथे सापडते. यूट्यूबसाठी चॅनेलचा पत्ता चिकटवला तरी चांगले रीडर समजून घेतात. तेही जमलं नाही तर संगणकावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि त्यात 'आरएसएस' किंवा 'ॲटम' ही इंग्रजी अक्षरं शोधा. ही फीड लिहायच्या दोन पद्धतींची नावं. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने काढलं, ॲटम त्यानंतरचं, २००५ मध्ये प्रमाण ठरलेलं. रीडरला दोन्ही चालतात, तुम्ही फरक लक्षात ठेवायची गरज नाही. (मुलांना मात्र एवढं जरूर सांगा: डिसेंबर २००० मध्ये आरएसएसची १.० आवृत्ती ज्या गटाने लिहिली, त्यात एरन स्वॉर्ट्झ नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता.)

तुमच्या चाळीसमध्ये रिझर्व्ह बँक आहे, तिची प्रसिद्धिपत्रकांची आणि अधिसूचनांची वेगवेगळी फीड आहे. पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची आहे, बीबीसी मराठीची आहे, द हिंदूची विभागवार आहे. पण अनेक सरकारी पानांना फीडच नसते, आणि तुमच्या यादीतली आठ-दहा तरी त्यातली निघतील. त्यांच्यासाठी पानावर पाळत ठेवणारी साधनं आहेत. मी सुरुवातीला त्यांच्या नादी लागत नाही. पानाची मांडणी जरा हलली की ती खोटी आरोळी ठोकतात. ती आठ पानं ब्राउझरच्या एका बुकमार्क कप्प्यात ठेवा आणि सगळी एकदम टॅबमध्ये उघडा. पाच मिनिटांचं काम आहे.

कप्पे करताना प्रत्येक जण पहिल्यांदा विषयवार करतो: अर्थ, शेती, शिक्षण, परीक्षा. मीही केले होते. आठवड्यात कळतं की विषय काहीही असो, प्रश्न 'हे आज बघायलाच हवं का' एवढाच असतो. आता माझे तीनच कप्पे आहेत, 'सकाळी', 'रविवारी' आणि 'सवड मिळाली तर'. तुमच्या 'सकाळी'मध्ये दहा-बाराच फीड असाव्यात, ज्यांच्यातली चुकलेली नोंद मुलांना महागात पडेल अशा. वर्तमानपत्राची मुख्य फीड त्यात घालू नका. हा नियम माझा अगदी कडक आहे. मुख्य फीड म्हणजे लग्नातला बँड, शेजारी बसलेला माणूस काय सांगतोय ते ऐकूच येत नाही. रिझर्व्ह बँकेची दिवसातली चार पत्रकं क्रिकेट आणि सिनेमाच्या शंभर बातम्यांत बुडतात. वर्तमानपत्राची विभागवार फीड असेल तर संपादकीय किंवा अर्थ असा एकच विभाग घ्या, नसेल तर ते कागदावरच वाचा. वाचनालयात येतंच की.

पहिल्या दिवशी चाळीस फीड भरल्या की लगेच चार-पाचशे न वाचलेलं दिसेल. जुना माल आहे तो. सगळं वाचलं अशी खूण करून टाका आणि उद्यापासून मोजा. दिवाळीहून आल्यावरच्या नऊशेंचंही तेच. सूचनांची घंटी सगळ्यांची बंद करा. ताजं किती वेळाने करायचं असं रीडरने विचारलं तर तासाला एकदा, त्याहून घाई नको. मी एका संस्थेचं संकेतस्थळ सांभाळतो, तिथल्या नोंदवहीत बघतो तर कुणाचा तरी रीडर दर मिनिटाला येऊन दार ठोठावतोय. ते पान आठवड्यातून एकदा बदलतं! नीट लिहिलेला रीडर 'मागच्या वेळेनंतर काही बदललं का' एवढंच विचारतो आणि 'नाही' ऐकून परत जातो. उद्धट रीडर अख्खी फाइल दर वेळी ओढतो. असे पाहुणे मी थेट बंद करतो, इतरही करतात. मग तुमची फीड लाल होते आणि कारण कळत नाही.

मराठीच्या अडचणी आता जरा सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी मदतपानांत त्या सापडत नाहीत. रीडरमध्ये शब्दांची गाळणी लावता येते: अमुक शब्द असलेली नोंद वर दाखव, तमुक असलेली लपव. सेवांच्या फुकट खात्यात ही सोय सहसा नसते. फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स, आरएसएस गार्ड यांत आहे, आणि फोनवरच्या फीडरमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. ही गाळणी अक्षरं जशीच्या तशी जुळवते, व्याकरण तिला येत नाही. 'जळगाव' दिलं तर 'जळगावात', 'जळगावच्या' सगळं सापडतं. 'धुळे' दिलं तर 'धुळ्यात' निसटतं, म्हणून 'धुळे' आणि 'धुळ्या' दोन्ही द्यायचे. 'चोपडा' आणि 'चोपड्या' तसेच. 'कापूस' तर पार रूप बदलतो, 'कापसाला', 'कापसाचे'. तेव्हा 'कापूस' आणि 'कापस' दोन्ही हवेत. केळीला सोपं, 'केळ' एवढंच द्या. नंदुरबार कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ, दोन्ही द्या.

सगळ्यात छळणारा शब्द 'शेतकऱ्यांना'. त्यातला 'ऱ्य' टंकायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात, आत संगणकासाठी अक्षरं वेगळी असतात. मी एकदा शेतकऱ्यांच्या योजनांची गाळणी लावली आणि एका वर्तमानपत्राच्या बातम्या तिच्यात येईचनात. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा हे लक्षात आलं. उपाय, 'शेतक' एवढीच मुळी द्यायची. शेतकरी येतो, शेतकऱ्यांना येतात, मधूनच शेतकी शाळाही येते, येऊ द्यावी.

तुमच्या मुलांसाठी सगळ्यांनी लावायची म्हटलेली गाळणी 'भरती'. लावून बघा. पोलीस भरती येईल, तलाठी भरती येईल, आणि त्यासोबत समुद्राची भरती आणि रुग्णालयात भरती केलेले सगळे पुढारीही येतील. 'भरती' वर दाखवायला चालेल, लपवायच्या किंवा आपोआप खूण करायच्या यादीत कधीही नको. त्याऐवजी 'पदभरती', 'पद भरती', 'जागांसाठी', 'अर्ज मागव' असे तुकडे द्या. चार-सहा दिवस बघून कमीजास्त करा.

फीडमध्ये मराठीऐवजी असंबद्ध रोमन अक्षरांची भेळ दिसली, तर ते संकेतस्थळ अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालतंय. तुमच्या बाजूने काही होणार नाही, ती फीड काढून टाका. आणि रीडरमध्ये ओळींमधलं अंतर वाढवून ठेवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या दाट ओळींत आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात, तासभर वाचलं की डोळे दुखतात.

पुढे काय काय बिघडेल तेही सांगून ठेवतो. एखाद्या दिवशी एका संकेतस्थळाच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या म्हणून परत येतील. त्यांनी पत्ते बदलले असतात, रीडर नोंदीची ओळख त्या पत्त्यावरून ठेवतो, पत्ता बदलला की तो तिला नवी समजतो. वाचलं अशी खूण करून टाका आणि विसरा. एखाद्या फीडच्या बातम्या कायम यादीच्या डोक्यावर बसतील, वेळ बघाल तर साडेपाच तास पुढची. आपली वेळ लिहून तिच्यावर ग्रिनिचचा शिक्का मारणारे कारागीर अजून आहेत, त्यांना एक मेल टाका, दुरुस्ती एका ओळीची असते.

आणि एखादी फीड गप्प होईल. हे सगळ्यात वाईट, कारण गप्प फीड दिसतच नाही. संकेतस्थळ नवं केलं की जुना फीडचा पत्ता मरतो, रीडर कोपऱ्यात छोटा लाल ठिपका दाखवतो, आणि तुम्हाला वाटतं त्यांनी काही प्रसिद्धच केलं नाही. तीन महिन्यांतून एकदा यादी 'शेवटची नोंद कधी' या क्रमाने लावा आणि तळाकडच्या फीडची संकेतस्थळं स्वतः उघडून बघा. त्याच बसणीत, महिनाभरात एकदाही उघडली नाही ती फीड काढून टाका. चाळीसच्या पंचवीस होतील. माझ्या एकदा तीनशेच्या नव्वद झाल्या होत्या आणि एकीचीही आठवण आली नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की मुलं म्हणतात, "टेलिग्रामवर सगळं येतंच, हे कसाले?" टेलिग्रामवर कुणीतरी निवडून टाकलेलं येतं, त्यात क्लासवाल्याची जाहिरात येते, आणि गेल्या वर्षीचं परिपत्रक आजचं म्हणूनही फिरतं. फीडमध्ये मूळ पान येतं, तारखेसकट. दोन्ही राहू द्या. टेलिग्रामवर काही खळबळजनक आलं की रीडरमध्ये त्याच संस्थेची फीड उघडायची आणि तिथे आहे का बघायचं, एवढी सवय त्यांना लावा. फळा लिहिण्याचं काम तुमच्याकडेच ठेवा. खात्याचा पासवर्ड मात्र मुलांत वाटू नका. एकाने हौसेने सगळं 'वाचलं' केलं की तुमची सकाळ गेली.

दीड तासाचे वीस-पंचवीस मिनिटांवर यावेत असा माझा अंदाज आहे, पण पहिला आठवडा उलट जास्तच वेळ जाईल. यादी लावून झाली की ओपीएमएल फाइल मला पाठवा. कोणत्या फीड मेलेल्या आहेत आणि कोणाची विभागवार फीड घेता येईल ते बघून परत पाठवतो.